बाबा हयात आहेत, पण लग्नात नसतील. कन्यादानाला कोणी बसायचं?

सोनचाफा

नमस्कार. बरीच वर्षं इथं वाचते आहे, लिहिते क्वचित. आज सल्ला हवा आहे. घरात ज्यांना विचारावं ते सगळे आधीच आपापलं मत ठरवून बसलेत.

माझ्या मुलीचं लग्न ठरलंय. मुलगा तिच्याच ऑफिसातला, माणसं साधी, देण्याघेण्याचा विषयही निघाला नाही. अडलंय ते आमच्या बाजूला. मुलगी नऊ वर्षांची असताना तिचे बाबा गेले. गेले म्हणजे वारले नाहीत. बदलीच्या गावी गेले. आधी दर शनिवारी यायचे, मग महिन्यातून एकदा, मग दिवाळीपुरते, मग नाहीच. तिकडे त्यांचा दुसरा संसार आहे हे मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं. घटस्फोट झालेला नाही. मी मागितला नाही, त्यांनीही नाही. या गोष्टीला अठरा वर्षं झाली. सासूबाई आधीच गेल्या होत्या. सासरे मात्र शेवटपर्यंत माझ्याकडेच राहिले, मुलीला सायकल त्यांनीच शिकवली.

परवा पत्रिकेचा मजकूर लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीला हात थांबला. 'आमचे येथे श्रीकृपेकरून आमची कन्या...' यातलं 'आमची' म्हणजे कोणाकोणाची? माझ्या नावाआधी 'सौ.' लिहायचं तर अठरा वर्षं मी ज्याचं तोंड पाहिलं नाही त्याच्यासाठी. 'श्रीमती' लिहू म्हटलं तर मावशी म्हणाल्या, "अगं, जिवंत माणसाला मारतेस का?"

कन्यादानाला बसायला सगळे तयार आहेत. मोठे दीर म्हणतात, "मी आणि तुझी जाऊ बसतो, घरातलंच माणूस हवं." माझा भाऊ म्हणतो, मामाचा मान आहे, मी बसतो. मावशींचं म्हणणं, त्यालाच एक दिवस बोलवा, दोन तास पाटावर बसू दे, लोकांची तोंडं बंद होतील. यात वाईट हेतू कुणाचाच नाही, दिरांनी तर अडीअडचणीला खूप केलंय. पण 'तू बस' असं एकजणही म्हणालं नाही.

मुलगी म्हणाली. रात्री कपाट आवरताना तिच्या फाइलमधले कागद समोर टाकले. "आई, दहावीच्या फॉर्मवर पालक म्हणून सही तुझी. कॉलेजच्या अॅडमिशनला तुझी. अपेंडिक्सच्या ऑपरेशनच्या संमतीपत्रावर तुझी. मग याच एका दिवशी काकांची का?"

मला उत्तर देता आलं नाही. तर विचारायचं हे की, आई एकटी बसू शकते का? कुणाकडे असं झालंय का? आणि त्यांना कळवावं का?

अंगण

सोनचाफाताई, बसा. दुसरा विचार करू नका.

माझे वडील मी बारावीत असताना वारले. लग्नात मामा-मामींनी कन्यादान केलं. त्या दोघांचे उपकार मी विसरणार नाही. पण माझी आई त्या वेळी कुठे होती माहीत आहे? कार्यालयाच्या आतल्या खोलीत आहेराच्या साड्या मोजत होती. हळदीच्या वेळीही ती दारातच उभी राहिली, तिला कुणी 'येऊ नका' म्हटलं नव्हतं. तिचं तिनंच ठरवून टाकलं होतं की आपला हात नको.

माझ्या अल्बममध्ये चारशेच्या वर फोटो आहेत. कन्यादानाच्या फोटोत मामांचे हात, मामींचे हात, नवऱ्याचे, माझे. आईचा धड फोटो एकच, पाठवणीचा, त्यातही ती माझ्या शालूच्या पदराआड अर्धी दिसते. मला आज दोन मुली आहेत. त्या अल्बम काढून विचारतात, "आजी कुठे होती?"

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं सगळ्या गावांना तो कित्ता गिरवायला सांगितलं, तेव्हा मी ती बातमी आईला मोठ्यानं वाचून दाखवली होती. ती म्हणाली, "बरं झालं. पण तुझं लग्न होऊन गेलं." बस, एवढंच.

फोटोग्राफरला आधी सांगून ठेवा, तुमचे हात दिसले पाहिजेत.

तुळशीकट्टा

अंगण, तुमचा प्रतिसाद वाचून गलबलून आलं. पूर्ण अनुमोदन.

समिधा

मी पौरोहित्य करते. गेल्या काही वर्षांत असा प्रश्न घेऊन येणारी घरं वाढली आहेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी शास्त्राचं, कारण घरातल्या मोठ्यांची भीती तिथे असते. कन्या कुणी द्यावी याचा क्रम याज्ञवल्क्य स्मृतीच्या आचाराध्यायात दिला आहे: 'पिता पितामहो भ्राता सकुल्यो जननी तथा'. बाप, आजोबा, भाऊ, कुळातला कुणी आणि आई. आई शेवटी आहे हे खरं, मला ते खुपतं. पण ती आहे. पहिला नसेल तर पुढचा, आणि तोही 'प्रकृतिस्थ' हवा, म्हणजे ठिकाणावर असलेला. नुसतं नातं पुरत नाही. त्याच्या लगेच पुढच्या श्लोकात म्हटलंय की देणारं कुणीच नसेल तर मुलीनं स्वतःच योग्य वर निवडावा. म्हणजे बापावाचून लग्न अडतं असं जुन्या ग्रंथांनाही वाटत नव्हतं.

दुसरं, 'एकट्या बाईला बसता येत नाही' असं कुणी म्हणालं तर एक आठवण करून द्या. पुरुषाची बायको हजर नसेल तर कनवटीला सुपारी लावून त्याला कार्याला बसवतात. रामानं अश्वमेधाला सोन्याची सीता शेजारी ठेवली. जोडीदार नसताना कार्य कसं करावं याची वाट पुरुषांसाठी काढलेली आहेच. तीच बाईसाठी वापरायला कुणाची हरकत असावी? माझ्याकडे दोन आया सुपारी घेऊन बसल्या, एक सुपारीही न घेता बसली. तिन्ही लग्नं नीट लागली.

आता व्यवहाराचं, हे नीट वाचा. कन्यादानाच्या संकल्पात मुलीच्या तीन पिढ्या म्हणतात, अमक्याची पणती, अमक्याची नात, अमक्याची मुलगी. गुरुजी ऐन वेळी विचारतात, "वडिलांचं नाव?" आणि बोहल्यावर शांतता पसरते. मी हे पाहिलंय, मुलीचा चेहरा उतरतो तो अक्षता पडेपर्यंत तसाच राहतो. म्हणून हे आधी घरी बसून ठरवा. नाव घ्यायचं की नाही, घ्यायचं तर कुणाचं, हे मुलीनं सांगावं आणि गुरुजींकडे लिहून द्यावं.

आणखी एक साधी गोष्ट, जी कुणाच्याच लक्षात येत नाही. नेहमी वडील हात धरतात आणि आई झारीनं पाणी सोडते. तुम्ही एकट्या बसलात तर पाणी कोण सोडणार? त्या माणसाची निवड विचार करून करा.

गुरुजी ऐकत नसतील तर दुसरे बघा. अर्थ सांगून, घरच्यांना विचारून संस्कार करणारे पुरोहित आता मिळतात. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीनं स्त्री-पुरोहित तयार केल्याला बराच काळ लोटला.

कडुलिंब

माझं मत थोडं वेगळं आहे, रागावू नये ही विनंती. वय सत्तरीच्या पुढचं आहे.

आईनं बसावं याला माझा विरोध नाही. पण त्या गृहस्थांना कळवावं का, या तुमच्या प्रश्नावर इथं कुणी बोललं नाही, त्यावर बोलतो. बायकोचा आणि नवऱ्याचा हिशेब वेगळा, लेकीचा आणि बापाचा वेगळा. तुमच्यावर अन्याय झाला, तो तुम्ही सोसलात. परंतु मुलगी तुमच्यासमोर तुम्हाला दुखवेल असं काही बोलणार नाही. ती संमतीपत्रं तिनं तुमच्यासाठी काढली की स्वतःसाठी, हे तुम्हाला कसं कळणार?

तिला दुसऱ्या कुणाला तरी विचारू द्या. मावशी, मैत्रीण, कुणीही. तुम्ही त्या खोलीत नसाल तेव्हा. मग ती जे म्हणेल ते शिरोधार्य माना, तुम्हाला आवडो न आवडो.

दूरदिवा

कडुलिंबकाका, तुमचं म्हणणं पटतं, कारण मी ती मुलगी आहे जिनं बाबांना बोलवा म्हणून हट्ट धरला होता.

अकरा वर्षांनी आले. मामानं त्यांच्यासाठी सोवळं आणलं होतं. मला आतून खूप आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. विधी सुरू झाले. गुरुजी म्हणाले, "यजमानांच्या हाताला हात लावा," आणि आईनं लावला. दोन बोटं फक्त. मी समोर बसले होते. तिचा तो चेहरा मी जन्मात विसरणार नाही. तिला मी काय करायला लावलं होतं ते मला त्या क्षणी कळलं. तोवर मी फक्त 'माझे बाबा' एवढाच विचार केला होता.

आणि मग हातावर पाणी पडत असताना बाबांनी मागे वाकून मामाला हळूच विचारलं, "जावई काय करतात म्हणालात?"

जेवायला थांबले नाहीत, गाडी होती म्हणाले. नंतर फोन नाही.

मुलीला विचारा, जरूर विचारा. पण तिला हेही सांगा की बाबा आले तर पाटावर त्यांच्या शेजारी आई असेल. माझ्या हे डोक्यात आलंच नव्हतं.

तुळशीकट्टा

काय लिहावं सुचत नाही. मिठी.

वहिवाट

वकिली करतो, कौटुंबिक प्रकरणं जास्त. कायद्याच्या बाजूनं थोडं.

हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्याच्या कलम ७ प्रमाणे दोघांपैकी कोणाही एकाच्या घरच्या रूढीनुसार विधी झाले की विवाह होतो, आणि त्या विधींत सप्तपदी असेल तर सातव्या पावलाला तो पूर्ण होतो. कन्यादानाचा त्यात उल्लेख नाही. २०२४ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठानं एका प्रकरणात स्पष्टच म्हटलं की कन्यादान हा हिंदू विवाहाचा आवश्यक विधी नाही. म्हणजे कुणी बसलं किंवा कुणीच बसलं नाही, लग्न पक्कं.

याच कायद्यात पूर्वी कलम ६ होतं. नवरी अल्पवयीन असेल तर लग्नाला संमती कुणाची, त्याची यादी त्यात होती. पहिला बाप, दुसरी आई, मग आजोबा, आजी, भाऊ असं पुढे. १९७८ मध्ये मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ झालं तेव्हा ते कलमच काढून टाकलं, कारण सज्ञान मुलीला कुणाच्या परवानगीची गरज उरली नाही. स्मृतीत शेवटी असलेली आई १९५५ च्या कायद्यात दुसरी झाली आणि १९७८ नंतर यादीच संपली. समिधाताईंचा प्रतिसाद वाचताना हे आठवलं.

विशेष विवाह कायद्यानं, १९५४ च्या, नोंदणी पद्धतीनं लग्न करायचं झालं तर ३० दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार आणि दोघांच्या सह्या. आईवडिलांची भूमिकाच नाही. मग आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी घरी हवा तसा सोहळा करतात, तेही चालतं.

एक गोष्ट फार कमी बायकांना ठाऊक असते. हिंदू दत्तक आणि निर्वाह कायदा, १९५६, यात अविवाहित मुलीच्या निर्वाहाच्या व्याख्येतच तिच्या लग्नाचा वाजवी खर्च धरलेला आहे, आणि स्वतःचं भागवता येत नसेल अशा अविवाहित मुलीची जबाबदारी बापावर आहे. तुमची मुलगी कमावती आहे, तुमचा प्रश्न पैशाचा नाही, कळतंय. पण हा धागा वाचणाऱ्या दुसऱ्या एखाद्या आईला कर्ज काढायची वेळ आली असेल, तर तिनं आधी वकिलाला विचारावं.

तुमच्यापुरतं: दोन वर्षं सोडून जाणं हे घटस्फोटाचं कारण १९७६ पासून कायद्यात आहे. घ्यायचा की नाही हे तुम्ही ठरवा. पत्रिकेवर 'सौ.' लिहिणं, 'श्रीमती' लिहिणं किंवा नुसतं नाव लिहिणं, याला कुठलाही कायदा आड येत नाही.

ओंजळ

या धाग्यावर लिहावं की नाही, दोन दिवस विचार करत होतो. मी दुसऱ्या बाजूचा आहे. माझ्या मुलीच्या लग्नात पाटावर नसलेला बाप.

मी सोडून गेलो नव्हतो. घटस्फोट झाला, ताबा आईकडे गेला, मला महिन्यातून दोनदा भेट मिळाली. कोर्टातल्या मुलांच्या खोलीत भेटायचो, भिंतीवर फुगे रंगवलेले. ती बाराची झाली तेव्हा म्हणाली, "बाबा, मला आता इथं यायला नको वाटतं." मी आग्रह केला नाही. तिथं चुकलो की काय ते आजही ठरवता येत नाही. पुढं वाढदिवसाला फोन, रिझल्टला फोन, बस.

लग्नाआधी तिनं मला पत्र लिहिलं. हातानं लिहिलेलं. त्यात एक वाक्य होतं: 'पाटावर आई बसणार आहे, तुम्ही पहिल्या रांगेत बसा.' लोकांना वाटेल मला लागलं असेल. लागलं. पण ते वाचून मोकळंही वाटलं, कारण तिथं गेल्यावर माझी जागा कुठली हे मला माहीत होतं. कुणाच्या नजरा चुकवाव्या लागल्या नाहीत. मंगलाष्टकं झाल्यावर तिनं खूण करून बोलावलं, मी अक्षता टाकल्या, खाली आलो.

सोनचाफाताई, निघून गेलेला बाप आणि लांब राहिलेला बाप यांत फरक असतो आणि तुमच्याकडे काय आहे ते तुम्हीच जाणता. माझं म्हणणं इतकंच, कळवायचं ठरलं तर मुलीनं कळवावं, तुम्ही नाही, दिरांनी तर नाहीच. आणि जागा स्पष्ट सांगावी. 'या' एवढंच सांगितलं तर माणूस येतो आणि सवयीनं पाटाकडे चालायला लागतो.

पाऊलखुणा

मी गेल्या वर्षी वरमाय होते, आमच्या सूनबाईंना वडील नाहीत. वरपक्षाकडून सांगते, आम्हाला आधी सांगा. लग्नाच्या दिवशी कळलं तर आमच्या बाजूच्या आत्या-काकांना मी काय काय समजावणार? मला महिनाभर आधी कळलं होतं, मी एकेकाला फोन केले. सीमांतपूजनाला विहीणबाईंनी माझ्या मुलाचे पाय धुवायचे होते, ते मुलानंच नको म्हटलं. व्याहीभेट आम्हा दोघींचीच झाली. कडकडून भेटलो, एवढंच, कुणाला काही वेगळं वाटलंसुद्धा नाही.

बकुळ

माझा थेट प्रश्न आहे. कन्यादान हवंच कशाला? कोणी बसायचं यावर इतकी चर्चा झाली, पण मुलगी ही द्यायची वस्तू आहे हे गृहीतच धरून. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी त्या पद्धतीचं पहिलं लग्न लागलं. भटजी नाही, आणि फुल्यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधूवर एकमेकांशी बोलतात, नवरी नवऱ्याकडून आपल्या हक्काचं वचन मागते. दीडशे वर्षं झाली. आपण अजून 'बाप नाही तर आई देईल का' इथंच.

आईनं दिलं तरी ते दानच राहतं.

समिधा

बकुळ, तुमचं म्हणणं मी मनावर घेते, म्हणून सांगते. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मुली दान नको म्हणतात. पण त्यातल्या कितीतरी जणींना त्याच विधीतलं एक वाक्य हवं असतं. देणारा म्हणतो, 'धर्मे च अर्थे च कामे च नातिचरितव्या त्वयेयम्', म्हणजे धर्मात, पैशाअडक्यात, सुखात हिला ओलांडून जाऊ नकोस. आणि नवरा उत्तर देतो, 'नातिचरामि', नाही ओलांडणार. दान काढून टाकून हे वचन ठेवता येतं. आणि मुलीनंही तेच वचन द्यावं असं मी सुचवते.

सोनचाफा

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदोनदा वाचले. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण कडुलिंबकाकांचं ऐकलं. मुलीला माझ्या धाकट्या बहिणीकडे पाठवलं. तिला सांगितलं की दूरदिवांचा आणि ओंजळ यांचा प्रतिसाद तिला वाचायला दे, आणि ती काय म्हणते ते मला सांगू नकोस, तिलाच सांगू दे.

तीन दिवसांनी आली. म्हणाली, "बाबांना कळवायचं. पण बोलवायचं नाही." मला आधी या दोन्हींतला फरक कळेना. तिनं पत्र लिहिलं. लग्न ठरलंय, मुलगा असा असा आहे, तारीख ही, तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिते. मला वाचायला दिलं, मी एक अक्षरही बदललं नाही. कन्यादानाबद्दल बकुळ, ती तुमच्याच मताची निघाली. दान नको, समिधाताई म्हणतात ते वचन हवं, आणि ते माझ्या तोंडून.

पत्रिका अशी झाली: 'माझी कन्या' आणि खाली निमंत्रक म्हणून माझं नाव, पुढे सौ. नाही, श्रीमती नाही. मोठ्या दिरांचं आणि जाऊबाईंचं नाव 'आपले नम्र'मध्ये पहिलं. दिरांना मी स्वतः जाऊन सांगितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला वाटलं तुला आधार हवा असेल." मी म्हटलं, "भाऊजी, तो तुम्ही दिलात म्हणूनच मी आज बसू शकते." ते उठून आत गेले. जाऊबाई चहाचा कप हातात घेऊन तिथंच उभ्या होत्या. या सगळ्या चर्चेत त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही.

तीन पिढ्यांच्या नावांचं मुलगी म्हणाली, घ्यायची. बाबांच्या नावावर अडून राहिले तर आजोबांचंही नाव जाईल, आणि ते मला चालणार नाही. फक्त पुढे माझंही नाव म्हणायचं. गुरुजींना लिहून दिलंय. ते म्हणाले, हल्ली आईचं नाव घालतातच की. २०२४ च्या १ मेपासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव वडिलांच्या आधी लावायचा नियम सरकारनंच केलाय, याची आठवण त्यांनीच काढली.

कडुलिंब

ऐकलंत, समाधान वाटलं. मुलीला माझे आशीर्वाद सांगा.

वहिवाट

'कळवायचं, पण बोलवायचं नाही.' मुलगी विचारी आहे.

पाऊलखुणा

सोनचाफाताई, लग्न झालं का? पाणी कोणी सोडलं ते जाणून घ्यायचंय.

सोनचाफा

झालं, परवाच पाचपरतावण होऊन मुलगी परत गेली. घर आवरता आवरता लिहिते आहे.

मी एकटी बसले. सुपारी घेतली नाही. शेजारचा पाट गुरुजींनी मांडलाच नव्हता, मी आधीच सांगितलं होतं की रिकामा पाट नको, सगळं लक्ष तिकडेच जाईल. पाय थोडे थरथरत होते. संकल्पाची नावं निघाली तेव्हा सासऱ्यांचं नाव ऐकून मुलीनं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. बाबांचं नाव त्यानंतर आलं आणि पुढं गेलं. पाठोपाठ माझं. इतकी वर्षं मी ज्या क्षणाला घाबरत होते तो एवढाच होता.

मग मी मराठीतच म्हटलं: 'मी हिची आई. हिच्या इच्छेनं हिचा हात तुमच्या हातात ठेवते. धर्मात, पैशात, सुखात हिला डावलू नका.' कागदावर लिहून घेतलं होतं, पण बघावं लागलं नाही. जावईबापूंनी तीनदा 'नातिचरामि' म्हटलं. मग गुरुजी मुलीकडे वळले आणि तिनंही म्हटलं, जरा मोठ्यानंच.

पाणी जाऊबाईंनी सोडलं. समिधाताई, तुम्ही विचार करून निवडा म्हणालात, तो चहाचा कप मला आठवला. विचारल्यावर त्या म्हणाल्या, "मी? मला जमेल का?" त्यांना मूलबाळ नाही. आमच्याकडच्या कुठल्याच लग्नात त्यांना पुढे बसवलेलं मी पाहिलं नव्हतं. झारीची धार अगदी बारीक धरली होती त्यांनी, संपूच नये अशी. भाऊजी मागे उभे होते, त्यांनी मध्येच वाकून त्यांचा पदर सावरला.

मुलीच्या बाबांचं पत्राला उत्तर आलं नाही. मुलीनं एकदाच विचारलं, टपाल बघितलंस का, आणि पुन्हा विचारलं नाही. त्याबद्दल मला अजून काही लिहिता येत नाही.

अंगण, फोटोग्राफरला तुमचं नाव न घेता तुमची गोष्ट सांगितली होती. तो खाली मांडी घालूनच बसला. फोटो आलेत. चार हात आहेत, वरून पाण्याची धार, आणि माझ्या मनगटावरचा भाजल्याचा जुना डागसुद्धा दिसतो. तुमच्या आईंना दाखवायचा असेल तर निरोप करा, पाठवते.

अंगण

पाठवा ताई. आई शेजारीच बसली आहे, चष्मा शोधते आहे.